स्पर्धेच्या नियमपत्रिकेत वर्णद्वेषाचं कलम: नेमकं काय लिहायचं?

टचलाइन_बडोदे
नमस्कार मंडळी. डिसेंबरात बडोद्यात १२ संघांची फुटबॉल स्पर्धा आहे. तीन-तीन संघांचे चार गट, मग उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. म्हणजे एका संघाच्या वाट्याला जास्तीत जास्त ५ सामने, ३५-३५ मिनिटांचे दोन हाफ. मैदान उघडं आहे, तिकीट नाही, दिवे नाहीत, कडेनं दोरी बांधतो तेवढीच. संघांत इथली मराठी-गुजराती मुलं आहेत, मणिपूर-मिझोरमची आहेत, आफ्रिकेतून शिकायला आलेले विद्यार्थी आहेत आणि भरूचकडचे, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातले दोन खेळाडूही आहेत.

नियमपत्रिकेत आत्ता एकच ओळ आहे: "खेळाडूंनी व प्रेक्षकांनी शिस्त पाळावी, अपशब्द वापरू नयेत." ही ओळ असून नसल्यासारखी आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये वर्णद्वेषी शेरेबाजीसाठी पक्की पद्धत आहे, ती आपल्या मापाची करून घ्यायची आहे. विचारायचं ते असं:

१. सामना थांबवण्याच्या तीन पायऱ्या उघड्या मैदानावर कशा लावायच्या?
२. वर्णद्वेषासाठी तिथे असलेली दहा सामन्यांची बंदी ५ सामन्यांच्या स्पर्धेत कशी बसवायची?
३. ज्याला शिवी दिली त्याच्याखेरीज कोणीच ऐकली नाही तर?
४. दोन संघचालकांनी विचारलंय, कोणी खोटी तक्रार केली तर? त्यांना काय सांगू?

चौथा_पंच
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. युएफानं (युरोपची फुटबॉल संघटना) २००९ मध्ये पंचांना ही पद्धत लिहून दिली, फिफानं (जागतिक संघटना) २०१७ च्या कॉन्फेडरेशन्स कपात ती आणली. मे २०२४ मध्ये फिफाच्या बँकॉकच्या अधिवेशनात तिला खेळाडूची खूण जोडली गेली: मनगटावर मनगट ठेवून हातांची फुली. खेळाडूनं ती पंचाला दाखवायची, पंचानं तशीच फुली करून सगळ्यांना कळवायचं की पद्धत सुरू झाली.

पहिली पायरी, खेळ थांबतो, घोषणा होते, प्रकार बंद झाला की खेळ पुढे. दुसरी, पुन्हा झालं तर दोन्ही संघ मैदानाबाहेर, ठरावीक वेळ थांबणं, परत घोषणा. तिसरी, तरीही झालं तर सामना सोडून द्यायचा. फिफाच्या शिस्तसंहितेत असा सोडलेला सामना जबाबदार संघ हरला असं धरतात, एरवी ३-०.

आता उघड्या मैदानावर ही पद्धत कुठे कोलमडते ते बघा.

पहिली गोष्ट म्हणजे उजेड. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ७० मिनिटं खेळ, १० मिनिटं मध्यंतर, ५ मिनिटं वाढीव, म्हणजे ८५. पहिल्या पायरीला ५ आणि दुसरीला १० धरा, झाली १००. सामना साडेचारला सुरू केलात तर दुसरी पायरी वापरायला उजेडच उरत नाही. मग संयोजक पंचाच्या कानाशी येऊन "सोडा हो, उरकून टाका" म्हणतात, आणि पद्धत कागदावरच राहते. शेवटच्या सामन्याची सुरुवात चारच्या पुढे ठेवू नका. दिवसाचे दोन सामने असतील तर दोनला आणि चारला.

दुसरी, घोषणा कोण करणार. बॅटरीवरचा हातातला भोंगा आणा, रात्री चार्ज केलेला, आणि मजकूर जाड अक्षरात छापून भोंग्यालाच चिकटवा. ऐन वेळी कोणी मनानं बोलायला लागला की त्याचं भाषण होतं किंवा माफीनामा. मजकूर २० सेकंदांत संपला पाहिजे. मराठीत: "सामना पंचांनी थांबवला आहे. कोणाच्या रंगावर, जातीवर, वतनावर शेरेबाजी थांबवा. पुन्हा झाल्यास संघ मैदान सोडतील." कडेला गुजराती मंडळीच जास्त असणार, म्हणून तेही लिहून ठेवा: "मेच रेफरीए अटकावी छे. कोईना रंग, जात के वतन पर बोलवानुं बंध करो. फरी थशे तो टीमो मेदान छोडशे." आधी गुजराती, मग हिंदी, मग मराठी.

तिसरी, खेळ पुन्हा सुरू कसा करायचा. हे पंचांनाही ऐन वेळी आठवत नाही. प्रेक्षकांमुळे थांबवला असेल तर ड्रॉप बॉल, म्हणजे पंच चेंडू खाली सोडतो आणि खेळ सुरू. खेळाडूची शिवी पंचानं किंवा लाइनमननं स्वतः ऐकली असेल तर फुटबॉलच्या नियमावलीतल्या नियम १२ प्रमाणे थेट लाल कार्ड आणि इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही). बोलण्यातल्या सगळ्या गुन्ह्यांना इनडायरेक्टच असते. परवानगीशिवाय मुद्दाम मैदान सोडलं तर पिवळं कार्ड आहे, म्हणून पंचांच्या बैठकीत ठरवून घ्या की फुली दिसली की आधी शिट्टी. खेळ थांबला, पंचानं डगआउटकडे (संघाच्या बाकाकडे) हात केला, की जाणाऱ्याला परवानगी मिळाली. ज्याला शिवी दिली त्यालाच कार्ड, असं होता कामा नये.

खूण कोणी करायची? फक्त कप्तानानं, असं लिहू नका. ज्यानं ऐकलं त्यानं करायची. शिवी गोलकीपरला पडते आणि कप्तान पन्नास मीटरवर असतो.

१४ ऑक्टोबर २०१९ ला सोफियात बल्गेरिया-इंग्लंड सामना प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शेरेबाजीमुळे पहिल्या हाफमध्येच दोनदा थांबला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा मध्यंतर तोंडावर होतं, खेळ तसाच पुढे गेला. इंग्लंडच्या खेळाडूंनी असं झालं तर काय करायचं हे आधीच आपसात ठरवून ठेवलं होतं, म्हणून मैदानावर गोंधळ झाला नाही. तुमच्या १२ कप्तानांशी ही बोलणी ड्रॉ काढण्याच्या दिवशीच करा.

वकील_रावपुरा
तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पंचांच्या अहवालात कायम येणारं वाक्य म्हणजे "खेळाडू क्र. ८ ने अपशब्द वापरले." या वाक्यावर कुठलीच समिती काही करू शकत नाही. आईवरून शिवी दिली की कातडीवरून, कळत नाही. दोन्हींची शिक्षा वेगळी, आणि अहवालात दोन्ही एकच होऊन बसतात. असे शब्द लिहू नयेत असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, म्हणून लिहिताना हात अडखळतो. पण इथे शालीनता बोलणाऱ्याला वाचवते. शब्द जसाच्या तसा, ज्या भाषेत उच्चारला त्या भाषेत, देवनागरीत लिहायचा. "जातिवाचक", "आक्षेपार्ह", "लिहिण्यायोग्य नाही" हे शब्द नोंदपत्रकात चालणार नाहीत, असं पत्रकावरच छापा.

एका पानाचं नोंदपत्रक करा. त्यात हवं ते असं: सामना, मिनिट आणि घड्याळाची वेळ, बोलणाऱ्याचा जर्सी क्रमांक किंवा प्रेक्षकातली जागा (कुठल्या टोकाला, दोरीपासून किती अंतरावर), नेमके शब्द किंवा हावभाव, त्याआधी लगेच काय झालं, कोण जवळ होतं, पहिल्यांदा कोणाला सांगितलं आणि किती वाजता, व्हिडिओ आहे का. शेवटची शिट्टी झाल्यावर ३० मिनिटांच्या आत भरायचं. साक्षीदार वेगवेगळे बसवायचे, एकमेकांसमोर विचारायचं नाही. चार जण एकत्र बसून बोलले की चौघांची एकच गोष्ट तयार होते, आणि ती खरी असली तरी मग कोणाला खरी वाटत नाही.

हे किती कामाला येतं ते लिव्हरपूलचा सुआरेझ आणि मँचेस्टर युनायटेडचा एव्ह्रा यांच्या प्रकरणात दिसतं. सुआरेझनं रंगावरून शिवी दिल्याची एव्ह्राची तक्रार होती. १५ ऑक्टोबर २०११, लिव्हरपूलचं अॅनफिल्ड मैदान. बोलणं दोघांतच झालं, स्पॅनिशमध्ये, पंचाला काही ऐकू आलं नाही. एव्ह्रा सामना संपताच पंचांच्या खोलीत गेला आणि चौथ्या पंचानं तिथल्या तिथे टिपण घेतलं. पुढे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या, म्हणजे एफएच्या, आयोगानं व्हिडिओ, टिपणं आणि दोघांचे जबाब शेजारी ठेवून तपासले. सुआरेझचं सांगणं चित्रांशी जुळेना. "नेग्रो" (स्पॅनिशमध्ये काळा) हा शब्द त्यानं सात वेळा वापरला, असा निष्कर्ष निघाला. ८ सामने बंदी आणि ४० हजार पौंड दंड. "ऐकलं फक्त दोघांनी" म्हणजे पुरावा नाही, असं नसतं. ताजी नोंद हाच पुरावा असतो.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्याच महिन्यातल्या दुसऱ्या प्रकरणात आहे. जॉन टेरीनं अँटन फर्डिनंड या खेळाडूला वर्णद्वेषी शिवी दिल्याचा आरोप, २३ ऑक्टोबर २०११. जुलै २०१२ मध्ये न्यायालयानं टेरीला निर्दोष सोडलं. सप्टेंबरात एफएनं त्याच प्रकरणात ४ सामने बंदी आणि २ लाख २० हजार पौंड दंड केला. फौजदारी न्यायालयाला वाजवी संशयापलीकडची खात्री लागते. एफएचा आयोग दोन्हींपैकी कुठली बाजू खरी असण्याची शक्यता जास्त, एवढं बघतो. तुमच्या नियमात लिहा: "समिती शक्याशक्यतेच्या तोलावर निर्णय देईल." हे लिहिलं नाही तर पहिल्याच प्रकरणात कोणीतरी कोर्टासारखा पुरावा मागेल आणि समिती गप्प बसेल.

त्या दोन संघचालकांना सांगा की सिद्ध न झालेली तक्रार आणि खोटी तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिद्ध झाली नाही तर तक्रारदाराला काहीही शिक्षा नाही. जाणूनबुजून रचली हे स्वतंत्रपणे सिद्ध झालं तरच कारवाई, तीही वेगळ्या सुनावणीत. "खोटी ठरल्यास अनामत जप्त" असं कलम घातलंत तर वसतिगृहात राहणारा एकही मुलगा तक्रार करायला पुढे येणार नाही.

टचलाइन_बडोदे
वकीलताई, चौथा पंच काका, खूप आभार. नोंदपत्रक आजच करायला घेतो. एक अडचण राहते. इथे "काळ्या" हे टोपणनाव म्हणून सर्रास चालतं, गुजरातीत "काळियो". पकडलं की "आम्ही घरातही असंच म्हणतो, लाडानं" हे उत्तर ठरलेलं. त्याचं काय करायचं?

मायमैदान
हा बचाव जुना आहे आणि त्याचं उत्तरही तयार आहे. सुआरेझनं हेच म्हटलं होतं, की आमच्याकडे तो शब्द मायेनं वापरतात. आयोगानं तो मुद्दा झटकला नाही. दक्षिण अमेरिकी स्पॅनिशच्या दोन जाणकारांना विचारलं. त्यांचं म्हणणं असं की मित्रामित्रांत तो शब्द मायेचा असू शकतो, भांडणात वापरला तर तो अपमानच. तुमच्या समितीलाही तेच विचारू द्या: दोघांची ओळख होती का, भांडण चालू होतं का, समोरच्यानं तो शब्द कधी स्वीकारला होता का. पेनल्टी बॉक्समध्ये ढकलाढकली चालू असताना अनोळखी माणसाला लाडानं कोणी हाक मारत नाही.

ओळख असली तरी सुटका होतेच असं नाही. मँचेस्टर युनायटेडच्या कवानीनं २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर आपल्या मित्राला आभार मानताना तसाच शब्द लिहिला. हेतू वाईट नव्हता हे मान्य करूनही ३ सामने बंदी आणि १ लाख पौंड दंड. हेतूवरून शिक्षा कमीजास्त होते, प्रकरण मिटत नाही.

समितीत तीन माणसं ठेवा, दोन्ही संघांशी संबंध नसलेली, आणि त्यात गुजराती बोली घरची असलेला एक तरी. हिंदीत भाषांतर करून ऐकलं की शब्दाची धार जाते.

नियमात शिव्यांची यादी देऊ नका. यादी दिली की तिच्याबाहेरचा शब्द शोधला जातो. वर्णन लिहा: रंग, वंश, जात, धर्म, भाषा, वतन किंवा चेहरेपट्टी यांवरून हिणवणारा शब्द, आवाज, हावभाव किंवा वस्तू. माकडाचे आवाज, डोळे ताणून दाखवणं, केळं फेकणं, "तुझ्या देशात जा" हे उदाहरण म्हणून. शेवटचं तर तुमच्या सिद्दी खेळाडूंना हमखास ऐकावं लागेल. आपल्याला सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो, पण भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरचे सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच आहेत, गुजराती त्यांची घरची भाषा आहे. "हबशी" हा शब्द मुळात अबिसिनियावरून (आजचा इथिओपिया) आलेला असला तरी मैदानावर तो ओरडला जातो तेव्हा कोणी इतिहास सांगत नसतं.

आता दुसरा प्रश्न. फिफा आणि युएफा दोन्हींकडे खेळाडूला किमान १० सामने. एफएचा पट्टा ६ ते १२ सामने, आणि सोबत सक्तीचा शिक्षणवर्ग. फिफाच्या संहितेत सामन्यांऐवजी ठरावीक मुदतीची बंदीही चालते, तुम्ही तीच घ्या: उरलेली स्पर्धा अधिक पुढचं वर्ष. नुसतं "१० सामने" लिहिलंत तर दोन वर्षांनी त्यातले किती भोगून झाले हे कोणी मोजणार नाही.

प्रेक्षकांसाठी दंड ठेवू नका, अनामत ठेवा. सामन्यानंतर कोणाकडून पैसे मागणं म्हणजे महिनाभराची वसुली. प्रवेशाच्या वेळीच संघामागे ५,००० रुपये अनामत घ्या, अंतिम सामन्यानंतर ७ दिवसांत परत. आपल्या टोकाकडून प्रकार झाला आणि संघाच्या स्वयंसेवकांनी माणूस दाखवून दिला नाही, तर जप्त. माणूस दाखवून दिला आणि बाहेर काढला, तर संघाची अनामत शाबूत. एप्रिल २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या दानी आल्वेसकडे केळं फेकलं गेलं तेव्हा व्हिलारेआल क्लबला दंड झाला १२ हजार युरो, जो अशा क्लबला जाणवतही नाही. रक्कम लहान असू दे, पण संघानं काहीतरी करण्याशी ती बांधलेली हवी.

आणि एक गोष्ट ठासून लिहा. दोघांनाही सारखी शिक्षा करून "प्रकरण मिटवलं" म्हणायचं नाही. मार्च २०२१ मध्ये रेंजर्सच्या ग्लेन कामाराला स्लाव्हिया प्रागचा कुडेला तोंडावर हात धरून काहीतरी बोलला. वर्णद्वेषासाठी कुडेलाला १० सामने बंदी. सामना संपल्यावर कामारानं त्याला मारलं म्हणून कामाराला ३. दोन गुन्हे, दोन निकाल, दोन मापं. हा नमुना योग्य आहे.

राखीव_बाक
मायमैदान, अनामतीचं पटलं. पण उघड्या मैदानावर कडेला उभा असलेला माणूस कुठल्या संघाचा हे ठरवणार कोण? शेजारच्या सोसायटीतून नुसताच बघायला आलेला असतो. मुद्दाम समोरच्या टोकाला जाऊन ओरडणाराही निघू शकतो.

मायमैदान
बरोबर अडवलंत. व्यावसायिक क्लबांत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे जबाबदारी सरसकट क्लबची. चूक कोणाची हे न बघता क्लब भरतो. आपल्याकडे ते अन्यायाचं होईल. दोरीचे तीन भाग करा: एका गोलामागे एक संघ, दुसऱ्यामागे दुसरा, लांब बाजू सगळ्यांची. प्रत्येक संघानं दोन स्वयंसेवकांची नावं टीम शीटवरच द्यायची, त्यांना वेगळ्या रंगाचं जाकीट. लांब बाजू संयोजकांची जबाबदारी. माणूस कुठल्याच संघाचा ठरत नसेल तर ३-० लावू नका, उरलेली मिनिटं दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांविना खेळवा.

कॅमेरा_सामा
पुराव्याबद्दल. दोन फोन, दोन ट्रायपॉड, दोन्ही लांब बाजूंना मध्यरेषेच्या जरा पुढे-मागे, एक मैदानाकडे, एक प्रेक्षकांकडे. वाऱ्यानं आवाज खराब होतो, म्हणून माइकच्या भोकावर स्पंजचा तुकडा रबरबँडनं लावा. सामना सुरू होण्याच्या शिट्टीआधीच रेकॉर्डिंग चालू करा. ती शिट्टी दोन्ही फाइलींत ऐकू आली की मिनिटं जुळवता येतात. प्रत्येक हाफची वेगळी फाइल. एक तासाच्या व्हिडिओला फोन तापतो आणि मध्येच बंद पडतो, म्हणून मध्यंतरात पॉवर बँक लावा, फोन सावलीत.

कापलेली क्लिप कधीही समितीपुढे ठेवू नका, अख्खी फाइल ठेवा. २१ मे २०२३ ला व्हॅलेन्सियाच्या मेस्टाया मैदानावर रेआल माद्रिदच्या व्हिनिसियसला शेवटी लाल कार्ड मिळालं, कारण व्हीएआरनं (व्हिडिओ बघणाऱ्या सहायक पंचांनी) मैदानावरच्या पंचाला त्यानं समोरच्याला मारल्याचाच भाग दाखवला, त्याआधी त्याची मान आवळली गेली होती तो नाही. नंतर ते कार्ड रद्द झालं. त्याच सामन्यात व्हिनिसियसवर झालेल्या वर्णद्वेषी शेरेबाजीबद्दल तीन प्रेक्षकांना जून २०२४ मध्ये ८ महिन्यांची शिक्षा आणि २ वर्षं स्टेडियमबंदी झाली. स्टँडमधली माणसं एकेक करून ओळखली गेली, म्हणून इतकं होऊ शकलं. प्रेक्षकांकडे वळवलेला कॅमेरा हवा तो यासाठीच.

कोणी तोंडावर हात किंवा जर्सी धरून बोलला तर तेवढंच नोंदवा: मिनिट, कोणाकडे बघून, समोरचा लगेच कसा वागला. शब्द ऐकू आला नाही तरी ही नोंद उपयोगी पडते.

आणि ऑनलाइन. ११ जुलै २०२१ च्या युरो अंतिम सामन्यात पेनल्टी चुकल्यावर इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो, साका या कृष्णवर्णीय खेळाडूंवर रात्रभर जे वर्णद्वेषी लिहिलं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या स्पर्धेचं इन्स्टाग्राम पान असेलच. अपशब्द असलेल्या कमेंट लपवण्याची सेटिंग आधीच चालू करा, आणि त्यात गुजराती, हिंदी, मराठी शब्द रोमन स्पेलिंगसकट घाला. अॅप आपणहून इंग्रजीच नीट पकडतं. कोणी लिहिलंच तर पुसण्याआधी कमेंटची लिंक, प्रोफाइलची लिंक, वेळ आणि पूर्ण पडद्याचा फोटो जपून ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटचा उपयोग कमी, वापरनाव उद्या बदलतं. ज्या फोनवर घेतलं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

वकील_रावपुरा
कॅमेरा_सामा यांच्या शेवटच्या वाक्याला जोड देते. प्रकरण पोलिसांत गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅशही (फाइलवरून निघणारी अंक-अक्षरांची ओळखखूण) नोंदवावा लागतो. मूळ फाइल व्हॉट्सअॅपवरून पाठवली की ती दाबली जाते आणि हॅश बदलतो. केबलनं कॉपी करा.

कायद्यातली वस्तुस्थितीही कळू द्या. वर्णद्वेषी शिवीसाठी वेगळं कलम भारतीय न्याय संहितेत नाही. ईशान्येकडच्या लोकांवरच्या हल्ल्यांनंतर बेझबरुआ समितीनं २०१४ मध्ये तसं सुचवलं होतं. आज वापरतात ती कलमं दोन. ३५२, म्हणजे शांतताभंग व्हावा अशा हेतूनं अपमान. ते अदखलपात्र आहे, पोलीस आपणहून एफआयआर घेणार नाहीत. आणि १९६, गटागटांत तेढ वाढवणं. ते दखलपात्र आहे, पण एकानं एकाला दिलेल्या शिवीला सहसा लागत नाही. जातीवरून सार्वजनिक ठिकाणी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा अपमान झाला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो आणि तो कडक आहे. म्हणून बहुतेक प्रकरणांत तुमची समिती हीच खरी दाद मागण्याची जागा असणार. ४८ तासांचा निर्णय म्हणू नका, दुसऱ्या दिवशी सामना असतो. २४ तासांत, आणि लेखी. तक्रारदाराला त्याचं म्हणणं मांडू द्या, तोंडी किंवा लेखी, त्याच्या भाषेत. फिफाच्या संहितेतही पीडिताच्या निवेदनाची सोय आहे.

स्पर्धा जिल्हा संघटनेच्या मान्यतेनं असेल तर शिस्तीचा शेवटचा अधिकार कोणाचा, हे तिच्याकडून आधीच लेखी घ्या.

चौथा_पंच
दोन गोष्टी राहिल्या होत्या.

पहिली, दुसऱ्या पायरीत संघ "बाहेर" जायचे, पण कुठे? ड्रेसिंग रूम नाही. मार्च २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात सेव्हन्स (सात-सात खेळाडूंच्या) सामन्यात आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला प्रेक्षकांनी पाठलाग करून मारलं. त्याच्यावर वर्णद्वेषी शेरेबाजी झाल्याची तक्रार होती. तिथेही प्रेक्षक कडेला अगदी लगटून उभे असतात. कुलूप लागणारी एक खोली, नाहीतर मैदानाच्या आत उभी केलेली बस ठरवून ठेवा. तिथपर्यंतच्या वाटेला दोन्हीकडून दोरी, आणि दोरीपासून टचलाइन किमान ३ मीटर. ११२ ला फोन कोणी करायचा त्याचं नाव नियोजनाच्या कागदावर.

दुसरी आपल्याच लोकांबद्दल. ८ डिसेंबर २०२० ला पॅरिसमध्ये पीएसजी-बशाकशेहिर सामन्यात चौथ्या पंचानं बाकावरच्या सहायक प्रशिक्षकाला, पिएर वेबोला, दाखवायला त्याच्या रंगाचा शब्द वापरला. दोन्ही संघ निघून गेले, सामना दुसऱ्या दिवशी नव्या पंचांनी पूर्ण केला. त्या रोमानियन पंचाचं म्हणणं होतं की माझ्या भाषेत तो साधा शब्द आहे. बाकावर दहा-बारा माणसं सारख्या जाकिटात असतात, क्रमांक नसतो, घाई असते, आणि मग दिसेल ती खूण तोंडात येते. आपले पंच "तो नेपाळी पोरगा", "तो नायजेरियन" असं सर्रास म्हणतात, आणि तो मुलगा बहुतेक वेळा ऐझॉलचा नाहीतर सुदानचा असतो. उपाय सोपा आहे. बाकावरच्या प्रत्येकाला क्रमांकाची बिब द्या, राखीव खेळाडूंना जर्सीचा क्रमांक, कर्मचाऱ्यांना ए, बी, सी, डी. टीम शीटवर तेच. मग "पाहुण्या बाकावरचा बी" एवढं पुरतं. १२ संघांत एका वेळी दोनच बाक लागतात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या ८ बिबांत काम होतं.

माइकवर बोलणाऱ्यालाही बसवून सांगा. खेळाडूचं नाव उच्चारता येत नसेल तर सामन्याआधी त्याच्याकडूनच विचारून घ्यायचं, टीम शीटवर देवनागरीत लिहून ठेवायचं. आफ्रिकेचा म्हणजे ताकद, ईशान्येचा म्हणजे चपळ, आणि डोकं लावून पास दिला तो फक्त आपला, हे बोलण्यात नकळत येतं. पास चांगला असेल तर पास चांगला म्हणा.

टचलाइन_बडोदे
सगळ्यांचं वाचून कलमाचा मसुदा केला. मुख्य भाग देतो, चूक असेल तर सांगा.

"रंग, वंश, जात, धर्म, भाषा, वतन किंवा चेहरेपट्टी यांवरून हिणवणारा शब्द, आवाज, हावभाव वा वस्तू यास मनाई आहे. कोणत्याही खेळाडूने हातांची फुली केल्यास व पंचाची खात्री झाल्यास खेळ थांबवला जाईल. नोंदपत्रक सामन्यानंतर ३० मिनिटांत, निर्णय २४ तासांत, शक्याशक्यतेच्या तोलावर. दोषी खेळाडूस उरलेली स्पर्धा व पुढील वर्ष बंदी. सिद्ध न झालेल्या तक्रारीबद्दल तक्रारदारावर कारवाई नाही. संघाच्या टोकाकडून प्रकार झाल्यास व व्यक्ती दाखवून न दिल्यास अनामत जप्त."

चौथा_पंच
"व पंचाची खात्री झाल्यास" काढून टाका. पंचानं ऐकलेलंच नसतं, त्याची खात्री कशी होणार? ते शब्द राहिले तर प्रत्येक पंच "मला ऐकू आलं नाही" म्हणून खेळ चालू ठेवेल. फुली दिसली की खेळ थांबतो. खरं-खोटं नंतर, समितीपुढे. एखाद्यानं वेळ काढायला फुली केली अशी शंका आली तर तीही नोंदपत्रकात लिहा, गेलेली मिनिटं शेवटी वाढवून द्या.

वकील_रावपुरा
"दोषी खेळाडूस" च्या जागी "दोषी खेळाडू, प्रशिक्षक, पंच, स्वयंसेवक वा संयोजक यांस" करा. आणि कलम गुजराती, हिंदी, इंग्रजीतही छापा. मणिपूरच्या मुलाला मराठी नियमपत्रिका देऊन सही घेतलीत तर त्या सहीला काही अर्थ नाही.

टचलाइन_बडोदे
दोन्ही बदल केले. गुजराती भाषांतर उद्या इथेच टाकतो, कोणीतरी तपासून द्या.